विजयदुर्गच्या हेलियमची गोष्ट सुरू होते एका रंग नसलेल्या ज्योतीपासून

ऑगस्ट महिना लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सूर्यावरचा हेलियम आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून शोधला गेला, लॉकियर नावाचा इंग्रज साहेब त्यासाठी इथे येऊन राहिला होता, आणि दुर्बीण ठेवायला बांधलेले त्याचे ओटे आजही किल्ल्यावर आहेत, असा तो मजकूर. 'साहेबाचे ओटे' किल्ल्यावर खरंच दाखवतात. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

यातलं ग्रहण शंभर टक्के खरं आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून आत शिरला आणि थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. साहेबाच्या बाबतीत मात्र थोडी गडबड आहे. तिकडे शेवटी येऊच. त्याआधी एक प्रश्न. पंधरा कोटी किलोमीटर लांब असलेल्या सूर्यात कोणता पदार्थ आहे, हे इथे बसून सांगता येईल, असं कुणाला वाटलंच कसं?

त्याचं उत्तर जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावात आहे. तिथला एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक झऱ्याच्या पाण्यात काय काय विरघळलंय ते शोधत होता. त्याचं नाव तुम्ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलला शंभर वेळा घेतलं असेल. रॉबर्ट बुन्सेन. हो, तोच बर्नरवाला.

आधी प्रॅक्टिकलचंच बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ज्यांनी अकरावी-बारावीला सायन्स घेतलं त्यांना सॉल्ट ॲनालिसिस आठवत असेल. सर परीक्षानळीत पाण्यासारखं दिसणारं द्रावण देतात आणि त्यात कोणते आयन आहेत ते ओळखायला सांगतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. मीठ पाण्यात टाकलं की सोडियमचे धन आयन आणि क्लोराईडचे ऋण आयन सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. दह्यासारखा पांढरा साका आला आणि तो अमोनियात विरघळला, तर क्लोराईड. बेरियम क्लोराईडने पांढरा साका आला आणि ॲसिड घालूनही तो ढिम्म हलला नाही, तर सल्फेट. थायोसायनेट टाकल्यावर द्रावण रक्तासारखं लाल झालं, तर लोखंडाचा फेरिक आयन. असा एकेक संशयित तपासत जायचं.

पण दोन संशयित या सापळ्यात सहसा सापडत नाहीत. सोडियम आणि पोटॅशियम. त्यांचे जवळपास सगळेच क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे साका येतच नाही. त्यांना पकडायला ज्योत लागते. आणि ती ज्योत देणारा माणूस म्हणजे बुन्सेन.

बुन्सेनचा जन्म मार्च १८११ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन गावी झाला. वडील तिथल्या विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथालयात अधिकारी. घर पुस्तकांचं, चार भावांत हा धाकटा. त्याच विद्यापीठात तो फ्रीडरिश श्ट्रोमायर यांच्याकडे रसायनशास्त्र शिकला. हे गुरू लक्षात ठेवण्यासारखे आहेत. झिंक कार्बोनेटचा एक नमुना तापवल्यावर पिवळा पडत होता. लोखंडाची भेसळ असेल म्हणावं, तर लोखंड सापडत नव्हतं. श्ट्रोमायर त्या पिवळेपणाच्या मागे लागले आणि १८१७ मध्ये त्यातून कॅडमियम हे नवं मूलद्रव्य बाहेर काढलं. नको तिथे दिसलेला रंग सोडून द्यायचा नाही, ही सवय चेल्याला बहुतेक तिथेच लागली असावी.

१८३१ मध्ये बुन्सेनला डॉक्टरेट मिळाली. वय वीस. मग तो सरकारी मदतीवर जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया फिरला, प्रयोगशाळा पाहिल्या, कारखाने पाहिले, खाणी पाहिल्या, आणि परत येऊन शिकवायला लागला.

त्याचं पहिलं मोठं काम विषावरचं. त्या काळात युरोपात आर्सेनिक म्हणजे घरोघरी असलेलं विष. उंदीर मारायला तेच, रंगातही तेच, आणि खून करायलाही तेच. बुन्सेन आर्सेनिकचे न विरघळणारे क्षार तपासत होता. ताजा बनवलेला, पाणी धरून असलेला लोखंडाचा ऑक्साईड आर्सेनिकला घट्ट पकडून ठेवतो, हे त्याच्या लक्षात आलं. पकडलं गेलं की ते विरघळत नाही, आणि विरघळलं नाही तर शरीरात पसरत नाही. १८३४ मध्ये बर्टोल्ड नावाच्या डॉक्टरसोबत त्याने हा उतारा जाहीर केला. आज पश्चिम बंगालमध्ये विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायला जे फिल्टर वापरतात, त्यातल्या अनेकांत लोखंडाचे असेच ऑक्साईड असतात. रत्नागिरीकरांना लोखंडाचे ऑक्साईड नवीन नाहीत. आपल्या घरांच्या भिंतीतल्या जांभ्याला जो तांबडा रंग आहे, तो त्यांचाच. (जांभा उगाळून पिऊ नका. फॉरवर्ड व्हायच्या आधीच सांगून ठेवतो.)

पुढे आर्सेनिकनेच बुन्सेनचा हिशोब घेतला. १८३६ ला तो कासेलला गेला आणि कॅकोडिल नावाच्या आर्सेनिकच्या संयुगांवर काम करू लागला. ही संयुगं कशी, तर विषारी, हवा लागली की आपोआप पेट घेणारी आणि वास असा की पोटात ढवळून यावं. त्यातल्या कॅकोडिल सायनाईडचा प्रयोगशाळेत स्फोट झाला. काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. आर्सेनिकची बाधा झाली ती वेगळीच, कित्येक दिवस तो मरणाच्या दारात होता. यातून उठल्यावर त्याने कॅकोडिलचं काम पूर्ण केलं आणि मग सेंद्रिय रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकला. पुढे ज्या माणसाने प्रकाशाच्या बारीक रेषा बघून इतिहास घडवला, त्याने त्या एका डोळ्याने पाहिल्या. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात भारी वाटतं.

मधली वर्षं भरभर बघू. मारबर्गला असताना त्याने बॅटरीतलं महागडं प्लॅटिनम काढून कार्बन वापरला आणि बॅटरी स्वस्त केली. लोखंडाच्या भट्ट्यांतून किती उष्णता फुकट जाते ते मोजून दाखवलं. १८४५ ला आइसलंडमध्ये हेक्ला ज्वालामुखी फुटला, तर पुढच्या वर्षी हा मोहिमेवर तिकडे हजर.

आइसलंडमध्ये गरम पाण्याचे फवारे, म्हणजे गिझर, ठरावीक वेळाने उसळत. ते का उसळतात यावर नुसते तर्क चालले होते. बुन्सेनने उसळायच्या थोडं आधी गिझरच्या नळीत थर्मामीटर सोडून वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान मोजलं. खाली पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळत नाही. पाणी थोडं वर सरकलं की दाब कमी होतो आणि ते एकदम उकळून उसळतं. परत आल्यावर त्याने प्रयोगशाळेत छोटा गिझर बनवून हे दाखवलंसुद्धा. राजापूरचं उन्हाळे, संगमेश्वरकडचे तुरळ, राजवाडी, आरवली इथली कुंडं अशी उसळत नाहीत, पण गरम झऱ्याचं पाणी आपण अंघोळीसाठी बघतो आणि हा माणूस त्यात थर्मामीटर घालून बसायचा, एवढा फरक आहे. तिथून त्याने पाण्याचे, वायूंचे आणि खडकांचे नमुनेही तपासले. जमिनीखालून आलेल्या पाण्यात काय विरघळलंय, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून पुढेही गेला नाही.

१८५२ ला तो हायडेलबर्गला आला. नवी प्रयोगशाळा बांधून घेण्याच्या अटीवर. इमारत १८५५ ला तयार झाली. शहरात दिव्यांसाठी नुकताच कोळशाचा गॅस आला होता, तो प्रयोगशाळेतही घ्यायचं ठरलं. पण तेव्हाचे गॅसचे दिवे पिवळ्या, धुरकट ज्योतीने जळत. भांडी काळी व्हायची, उष्णता कमी मिळायची. आणि ज्योत स्वतःच पिवळी असेल, तर तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग दिसणार कसा?

बुन्सेनने युक्ती काढली की गॅस पेटायच्या आधीच त्यात हवा मिसळायची. नळीच्या तळाशी भोकं, तिथून हवा आत, वर तोंडाशी ज्योत. गॅस पूर्ण जळतो, काजळी नाही, उष्णता जास्त आणि ज्योत फिकट निळी, जवळजवळ रंगहीन. हे प्रत्यक्षात बनवलं विद्यापीठाच्या पेटर डेसागा नावाच्या कारागिराने. १८५५ च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी असे पन्नास बर्नर तयार होते. हवा मिसळून गॅस जाळायचे प्रयत्न आधी फॅरडेसकट इतरांनीही केले होते, पण वापरायला सोपा आणि भरवशाचा बर्नर हाच. बुन्सेनने त्याचं पेटंट घेतलं नाही. डेसागाने ते बनवून विकले, इतरांनी नकला केल्या, याने कुणालाही अडवलं नाही.

तुमच्या ओट्यावरची गॅसची शेगडी याच तत्त्वावर चालते. भात उतू गेला की निळी ज्योत क्षणभर पिवळीधम्मक होते ना? ते पेजेतलं मीठ. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो आणि खाली येताना ठरावीक पिवळा प्रकाश सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून रंग वेगळा. पोटॅशियमचा फिकट जांभळा, कॅल्शियमचा विटकरी, स्ट्राँशियमचा किरमिजी, बेरियमचा पोपटी. दिवाळीच्या आतषबाजीत दिसणारे रंग यांचेच. हे इलेक्ट्रॉनचं कारण बुन्सेनला माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला. त्याला रंग तेवढे दिसत होते.

आणि रंगांत एक दांडगा चोर होता. सोडियम. तो कणभर जरी असला तरी त्याचा पिवळा रंग बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. पोटॅशियमचा बिचारा जांभळा त्यात दिसतच नाही. बुन्सेन यावर उपाय म्हणून ज्योतीकडे रंगीत काचेतून किंवा निळीच्या द्रावणातून बघायचा, म्हणजे पिवळा अडतो आणि जांभळा पोचतो. कॉलेजच्या लॅबमध्ये निळी काच असते ती याचसाठी. पण लिथियम आणि स्ट्राँशियम दोन्ही लालच. ते वेगळे कसे करणार?

इथे गुस्ताफ किर्खहोफ येतो. हा भौतिकशास्त्रज्ञ, बुन्सेनपेक्षा तेरा वर्षांनी लहान, त्याचा मित्र आणि संध्याकाळच्या फेरफटक्याचा सोबती. त्याने सुचवलं की काचेतून कशाला बघायचं, प्रकाश लोलकातून जाऊ दे. १८५९ मध्ये दोघांनी एक यंत्र जुळवलं. मध्ये लोलक, सिगारच्या लाकडी खोक्याची पेटी, आणि जुन्या दुर्बिणींचे दोन तुकडे. जगातल्या पहिल्या रासायनिक वर्णपटदर्शकाचा हा जुगाड होता. लोलकातून बघितल्यावर रंग एकमेकांत मिसळले नाहीत, सुट्या रेषा दिसल्या. लिथियमची लाल रेषा एका जागी, स्ट्राँशियमच्या रेषा दुसऱ्या जागी. सोडियमची पिवळी रेषा आपल्या जागेवर गप्प उभी, कुणाला झाकत नाही. बोटांच्या ठशांसारखं काम.

ही परीक्षा किती संवेदनशील आहे ते त्यांनी मोजलं. खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराचे तीन मिलिग्रॅम उडवून दिले आणि दुसऱ्या बाजूला ज्योतीकडे बघत बसले. काही मिनिटांत पिवळी रेषा आली. हिशोब केला तर एका मिलिग्रॅमचा तीस लाखावा भाग सोडियमसुद्धा पकडला जात होता. सोडियम इतकं सगळीकडे का दिसतं तेही यातून उलगडलं. समुद्राचं मीठ धुळीबरोबर हवेत सगळीकडे असतंच. आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको, घराच्या खिडक्यांचे गज बघा.

आता बुन्सेन पुन्हा पाण्याकडे वळला. ड्युर्कहाइम गावच्या झऱ्याचं खनिज पाणी त्याने घेतलं आणि आधी जुन्या पद्धतीने एकेक आयन बाहेर काढले. कॅल्शियम, स्ट्राँशियम, मॅग्नेशियम साका करून वेगळे. लिथियमही शक्य तितकं वेगळं. उरलेल्या द्रावणाचा थेंब ज्योतीत धरला. सोडियम, पोटॅशियम, राहिलेलं थोडं लिथियम, सगळ्यांच्या रेषा ओळखीच्या. आणि त्यांच्या पलीकडे दोन निळ्या रेषा. तिथे कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याची रेषा येत नाही.

हे १८६० साल. रेषा दिसली म्हणून रसायनशास्त्रज्ञ ऐकून घेणार नव्हते, पदार्थ हातात दाखवायला हवा होता. म्हणून सुमारे ४४ हजार लिटर पाणी आटवलं. आपल्याकडचे मोठे टँकर चार-पाच तरी भरतील इतकं. त्यातून साधारण २४० किलो दाट द्रावण राहिलं. मग साका, गाळणी, पुन्हा साका, पुन्हा गाळणी. शेवटी प्लॅटिनमच्या एका क्षाराने पोटॅशियम आणि नवे धातू खाली बसवले आणि गरम पाण्यातल्या विद्राव्यतेच्या अगदी किंचित फरकावर ते वेगळे केले. हातात आलं सुमारे सात ग्रॅम क्लोराईड. निळ्या रेषांवरून नाव ठेवलं सीझियम, लॅटिनमध्ये आभाळी निळा. पुढच्याच वर्षी गडद लाल रेषांवरून दुसरं मूलद्रव्य सापडलं, त्याचं नाव रुबिडियम.

सेकंद म्हणजे नेमका किती वेळ, हे १९६७ पासून जग सीझियमच्या अणूवरून ठरवतं. आणि आपल्या नाविक उपग्रहांतली घड्याळं रुबिडियमची आहेत. झऱ्याच्या पाण्यातून निघालेली ही दोन भावंडं आज तुमच्या मोबाईलला लोकेशन सांगायच्या कामात आहेत.

इकडे किर्खहोफच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात, हे फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमाराला पाहून ठेवलं होतं. त्यातली डी नावाची जोडी नेमकी सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या जागी होती. किर्खहोफने सूर्यप्रकाश सोडियमच्या ज्योतीतून जाऊ दिला. वाटलं, काळी रेषा भरून येईल. ती आणखी काळी झाली. म्हणजे तापलेली वाफ जो प्रकाश सोडते, तोच ती शोषतेही. म्हणजे सूर्याभोवती सोडियमची वाफ आहे. प्रॅक्टिकलची ज्योत परीक्षा आता सूर्याला लागू झाली.

आठच वर्षांत १८६८ चं ग्रहण आलं आणि युरोपातले खगोलशास्त्रज्ञ वर्णपटदर्शक घेऊन भारतात धावले. फ्रेंच जान्सेन गुंटूरला, पॉगसन मच्छलीपट्टणला. विल्यम हर्शलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शल, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. खग्रासच्या त्या मिनिटांत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत तेजस्वी रेषा दिसल्या, त्यात एक पिवळी. अनेकांना ती सोडियमची वाटली. ज्योतीत पिवळं दिसलं की सोडियम, हेच सगळे शिकलेले. जान्सेनला दुसऱ्या दिवशी कळलं की या रेषा ग्रहण नसतानाही बघता येतात.

नॉर्मन लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गवर नव्हता, भारतातही नव्हता. तो लंडनमध्ये वॉर ऑफिसात कारकून होता आणि फावल्या वेळात आकाश बघायचा. नवीन वर्णपटदर्शक हातात आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहणाशिवायच त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्याचं आणि जान्सेनचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं, म्हणून श्रेय दोघांना मिळालं. ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडीच्या शेजारी, दीड नॅनोमीटरच्या आसपास बाजूला होती. लॉकियरने ती प्रयोगशाळेत तपासायला रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडची मदत घेतली. पृथ्वीवरचं कुठलंही मूलद्रव्य तिथे रेषा देत नव्हतं. तेव्हा सूर्यावरून, हेलिऑसवरून, नाव पडलं हेलियम. हा फ्रँकलंड मारबर्गला बुन्सेनच्या हाताखाली शिकलेला.

तेव्हा पुढच्या ऑगस्टमध्ये तो मेसेज आला, तर ग्रहणाची सावली दक्षिण कोकणावरून गेली एवढं बिनधास्त फॉरवर्ड करा. लॉकियरला मात्र लंडनमध्येच राहू द्या.

बुन्सेनने लग्न केलं नाही. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत त्याच्याकडे देशोदेशीची मुलं यायची, आवर्त सारणीवाला मेंडेलीव्हही तरुणपणी तिथे होता. तापलेल्या मुशीचं झाकण तो सरळ बोटांनी उचलायचा, काच स्वतः फुंकून हवी तशी नळी बनवायचा, असं त्याचे विद्यार्थी आठवणींत सांगतात. किर्खहोफ १८८७ ला गेला. दोन वर्षांनी, ७८ व्या वर्षी, बुन्सेन निवृत्त झाला आणि खडक-दगडांच्या जुन्या नादात रमला. १८९५ ला विल्यम रॅम्झीने युरेनियमच्या खनिजावर ॲसिड टाकून निघालेला वायू तपासला आणि त्यात तीच पिवळी रेषा सापडली. सूर्यावरचा हेलियम पृथ्वीवर मिळाला तेव्हा बुन्सेन जवळपास ८४ वर्षांचा होता. चार वर्षांनी, १६ ऑगस्ट १८९९ ला, हायडेलबर्गमध्ये त्याचं निधन झालं. फ्रँकलंड त्याच्या एक आठवडा आधी गेला होता.